तिसरा फिल्टर

थोरल्याचं हे नेहमीचंच. घरात चहा जरा गार झाला तर कप असा आपटेल की भिंतीवरची पाल पळावी, आणि शोरूमच्या काचेच्या दारातून आत पाऊल टाकलं की याच्या तोंडाला कुलूप. तीनदा गेला. गेला तसा परत आला. पहिल्यांदा म्हणे साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्यांदा साहेब जागेवर होते, पण फोनवर होते. तिसऱ्यांदा भेटले, आणि यालाच ऐकवून मोकळे झाले. गाडीच्या पुस्तकात तिसऱ्या सर्व्हिसचा शिक्का नाही, वॉरंटी गेली, इंजिनाचं काम तुमचं तुम्ही बघा.

“मग तू काय म्हणालास?” अक्कांनी विचारलं.

“काय म्हणणार? बघतो म्हणालो.”

“बघतो! सर्कस लावली होती का त्यांनी तिथं, बघायला?”

थोरला मान खाली घालून बुटाची नाडी सोडत बसला. चाळिशीला आलेला माणूस, पण आईपुढे बसला की कान अजून लाल व्हायचे.

अक्कांचा जीव टांगणीला लागला होता तो गाडीसाठी नव्हे. दोन वर्षं घरी बसल्यावर थोरल्याला एका लॅबमध्ये काम मिळालं होतं. सकाळी सहाला निघायचं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. नऊ दिवसांपूर्वी भर रस्त्यात इंजिनातून खाडकन आवाज झाला आणि गाडी जी बसली ती उठलीच नाही. पेटीतला बर्फ वितळला, नळ्या वाया गेल्या, सतरा जणांना पुन्हा सुया टोचाव्या लागल्या. लॅबवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की शनिवारपर्यंत गाडी आणा, नाहीतर सोमवारपासून फेरी दुसऱ्याकडे जाईल. आज गुरुवार होता.

“शिक्का नाही म्हणजे काय?” अक्का म्हणाल्या. “सर्व्हिस केली होती ना?”

“केली होती.” नाडी सुटली तरी बोटं तिथंच. “मारायचा विसरले असतील.”

“विसरले? मग मी आठवण करून देते.”

त्या उठल्या आणि कपाटातून पत्र्याचा डबा काढला. डब्याचं घरात सगळ्यांना हसू यायचं. अक्कांचा एक कायदा होता: दुरुस्तीला काहीही दिलं की काढलेला जुना भाग घरी आला पाहिजे. पंख्याचा असो, मिक्सरचा असो, गाडीचा असो. नवीन बसवल्याचं दुकानदार तोंडानं सांगतो, जुना भाग हातात आला की खरं. शाळा तिसरीतच सुटली होती, त्यामुळे कागदावर त्यांचा भरवसा कमी आणि वस्तूवर जास्त. या गाडीचे प्रत्येक सर्व्हिसला काढलेले तेलाचे फिल्टर त्या डब्यात होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. शोरूमवाले परत द्यायच्या भागावर पिवळ्या रंगानं कामाच्या कार्डाचा आकडा लिहायचे, तेही त्यांना ठाऊक होतं.

“डबा कशाला घेतेस?” थोरला एकदम म्हणाला. “हसतील लोक.”

“हसू देत. दात तरी दिसतील त्यांचे.”

“आई, खरंच नको. मीच जातो पुन्हा.”

“तू गेलास तीनदा. आता मी जाते. चल.”

शोरूममध्ये नव्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या चकाचक. मागच्या वर्कशॉपमध्ये मात्र तेलाचा वास आणि कोपऱ्यात थोरल्याची गाडी, पोट उघडं टाकून. काउंटरमागे गळ्यात टाय बांधलेला व्यवस्थापक. त्यानं अक्कांकडे बघून असं हसू काढलं, जसं दुकानदार उधारी मागणाऱ्याला बघून काढतो.

“बसा ना आजी.”

“आजी तुमच्या घरी. मला अक्का म्हणतात. आणि बसायला नाही आले. तिसरी सर्व्हिस झालीच नाही असं म्हणता ना तुम्ही?”

“आमच्याकडे नोंद नाही, अक्का.”

“नोंद तुमच्याकडे नसेल. माझ्याकडे आहे.”

त्यांनी डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. काचेवर काजळी सांडली तशी टायवाल्यानं आपली वही मागे ओढली. अक्कांनी पहिला फिल्टर सोडला. टोपीवर पिवळा आकडा. दुसरा सोडला. पिवळा आकडा. आवाज ऐकून वर्कशॉपमधला म्हातारा मिस्त्री हात पुसत दारात येऊन उभा राहिला. अक्कांनी तिसरी पुडी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी मुद्दाम हळूहळू सोडली.

टोपी कोरी होती.

अक्कांनी फिल्टर फिरवला. खाली बघितलं. पुन्हा फिरवला. आकडे त्यांना वाचता येत होते, चांगले वाचता येत होते. वाचायला तिथं काही नव्हतंच. ही पुडी थोरल्यानं आणून दिली होती आणि त्यांनी न सोडताच डब्यात टाकली होती.

मिस्त्रीनं फिल्टर हातात घेतला. “हा आमचा नाही, अक्का. हा बाजारातला आहे, बाहेर बसवलेला.”

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं गाड्यांचं चित्र बघत होता. कान लालभडक.

“इथं दिवसभर गाडी ठेवून घेतात,” तो चित्राकडे बघतच पुटपुटला. “सकाळची फेरी बुडाली असती. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं तासात करून दिलं.”

“आणि हा?”

“तू मागितला असतास म्हणून...”

टायवाल्याला हसू आवरेना. “आता तर विषयच संपला ना? पुरावा तुम्हीच आणून दिलात.”

अक्कांचा हात डब्याकडे गेला. झाकण लावून घरी जावं, गल्लीत कोणाला तोंड दाखवू नये. पण झाकणाच्या आतल्या बाजूला एक घडी घातलेला कागद होता, आणि तो त्यांनी स्वतः तिथं ठेवला होता, दुसऱ्यानं नव्हे.

“तिसरी सर्व्हिस बाहेर केली,” त्या म्हणाल्या. “चूक आमची. लिहा ती. आता हे वाचा. मोठ्यानं.”

दुसऱ्या सर्व्हिसच्या कामाचं कार्ड होतं ते. तेव्हा मुलासोबत त्याच आल्या होत्या, आणि इथल्या लिहिणाऱ्या मुलीचा जीव खाऊन एकेक शब्द लिहवून घेतला होता. दोनदा वाचायला लावून मगच सही केली होती.

टायवाला वाचू लागला. “थंड इंजिनात उजव्या बाजूनं... शिवणयंत्रासारखा टकटक आवाज. गिऱ्हाईकाची तक्रार.”

“खाली तुमच्या माणसानं काय लिहिलंय?”

“तपासले. ठीक आहे.”

“मिस्त्रीबुवा, तुटलंय काय?”

मिस्त्रीनं आधी टायवाल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या हातांकडे. “आतली चेन ताणून धरतो ना, तो भाग. उजव्या बाजूचा.”

“तो बाहेरच्या तेलानं तुटतो का?”

“तुम्ही जा आत,” टायवाला म्हणाला.

“जातो, साहेब.” मिस्त्री वळला, दोन पावलं गेला आणि पाठमोराच बोलला, “तेलानं नाही तुटत. तो टकटक करायला लागतो तेव्हाच बदलायचा असतो.”

टायवाल्याचं हसू विरलं. मग त्यानं टेबलावरचे कागद सरळ केले, जे सरळच होते. कंपनीला फोटो पाठवतो म्हणाला, मंजुरी आली तर भाग फुकट बसेल. कधी? उद्या येईल, कदाचित सोमवारी. आपल्या हातात नाही.

“आधीची तक्रार नोंदलेली आहे, एवढं लिहून द्या. शिक्क्यासकट. आणि फोटो माझ्यासमोर पाठवा. मला घाई नाही, आता बसते.”

एक तास बसल्या. कागद हातात आला तेव्हाच उठल्या. मंजुरी आली नव्हती. येईलच असं कोणी छातीठोक सांगितलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन भाजत होतं. थोरला डबा छातीशी धरून उभा होता.

“आई, बोल ना काहीतरी. शिव्या दे.”

अक्कांनी शिक्क्याचा कागद चार घड्या घालून त्याच्या खिशात कोंबला.

“शिव्या त्या आतल्या माणसासाठी होत्या, त्या संपल्या. तो लबाड आहे हे घरून निघतानाच माहीत होतं मला. तू आहेस हे त्याच्यासमोर कळलं. खोटं बोललास ते बोललास, वर कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलंस आणि मी ते जपून ठेवलं. आता ऐक. लॅबवाल्या बाईंकडे आत्ता जायचं. गाडी शनिवारी कदाचित होणार नाही, आणि ती का होणार नाही, सगळं सांगायचं, गॅरेजवाल्यासकट. मी सोबत येणार नाही. काम राहिलं तर तुझ्या तोंडानं राहील, गेलं तर तुझ्या तोंडानं जाईल. आणि हा डबा आजपासून तुझा. मला यापुढे काही आणून दाखवायचं नाही.”