अळणी घास

सणाच्या डाळीत मीठ घालायचं नाही, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पहिला घास सगळ्यांनी मुकाट्यानं अळणी खायचा, मग मिठाची वाटी फिरते, मग काय ते बोलणं-हसणं. बाबांनी घालून दिलेली रीत. बाबा गेले, मागच्या वर्षी सण केलाच नाही, आणि यंदा आई म्हणाली, "डाळीत मीठ घाला. पुरे झालं आता ते अळणी."

मी सरळ नकार दिला. बाबांची पाठ वळली न वळली तोच त्यांची रीत मोडायची, हे मी होऊ देणार नव्हते. "तुझ्या तोंडाची चव गेलीय, म्हणून असं बोलतेस," असं वर ऐकवलंही. आई गप्प बसली. मला वाटलं, पटलं तिला.

बाबांचं इस्त्रीचं दुकान आता मी चालवते. लग्न केलं नाही; दुकानाशीच लागलं म्हणा. सण कुठल्याही धर्माचा असो, आदल्या दिवशी रांग माझ्याच दारात. कुणाला पांढरंशुभ्रच हवं, कुणाला नवंकोरं, कुणाला आजोबांचा जुनाच कोट, पण कडक करून. असं का, म्हणून विचारलं तर डोकं खाजवतात. "आमच्यात असंच करतात." मला ते उत्तर आवडायचं. करतात ना, मग करा. उगाच मुळाशी खोदत बसू नये.

सणाच्या सकाळी शेवटची गिऱ्हाइकं वाटेला लावून मी स्वयंपाकघरात आले, डाळ चाखली आणि माझं डोकंच सणकलं. मीठ होतं. बेताचं, नीट, अगदी जमलेलं. वहिनी ओट्याशी उभी होती, आई कोपऱ्यात स्टुलावर लसूण सोलत होती.

"वहिनी, इतकी वर्षं झाली तुम्हाला या घरात, तरी हात आवरत नाही?"

वहिनीनं एकदा आईकडे पाहिलं. "चुकलं वन्सं," ती म्हणाली.

"राहू दे गं," आई म्हणाली. "अन्न आहे ते."

मी ऐकते कुठली. पातेलं उचललं, मोरीत रिकामं केलं, आणि नवी डाळ शिजत घातली. सगळी डाळ वाहून जाईपर्यंत वरून पाणीही सोडलं. वहिनी बिचारी मागून मोरी पुसत राहिली.

जेवायला दादाची मुलगी आणि तिचा नवरा आले होते. जावई दुसऱ्या धर्माचा, लग्नानंतरचा आमच्याकडचा त्याचा पहिलाच सण. पोरगा गुणी, पण चौकस. सगळ्यांनी अळणी घास कालवला तसं त्यानं हळूच विचारलं, "आत्या, हे असं का करतात?"

"बाबा सांगायचे, आधी अळणी खाल्लं की मिठाची किंमत कळते," दादा म्हणाला. खरं तर बाबांनी असं काहीच कधी सांगितलं नव्हतं. बाबा मुळात बोलायचेच कमी. मीही दोन वाक्यं चिकटवून दिली, की सुखाच्या आधी दुःखाची आठवण ठेवावी वगैरे. पाहुण्यापुढे तेवढं शोभून दिसतं.

जावयाला ते पटलं. "आमच्यात सणाच्या जेवणात मिठाचं पाणी ठेवतात," तो म्हणाला. "पूर्वजांच्या डोळ्यांतलं पाणी म्हणून. आणि भाकरी फुगवत नाहीत. त्यांना रातोरात पळावं लागलं, पीठ फुगायला वेळच मिळाला नाही. आजी म्हणायची, कुठलाही सण उकरा, खाली कुणीतरी रडलेलं सापडतं."

आईनं हातातला घास ताटात ठेवला.

"जावईबापू, तुमच्या आजीला कळलं होतं," ती म्हणाली.

आम्हाला एक धाकटी बहीण होती, तान्हेपणीच गेली, एवढंच दादाला आणि मला ठाऊक होतं. केव्हा, कशी, ते कधी विचारलं नाही. आईनं ते आता सांगितलं, ताटाकडे बघत.

"सणाच्या दिवशी पहाटे गेली ती. मी ह्यांना उठवलं. तुमचे काका, काकू, त्यांची पोरं, सगळे आदल्या दिवशीच येऊन उतरले होते. हे म्हणाले, सणासुदीला आलेली माणसं उपाशी परत जायला नकोत. जेवणं उरकू देत, मग सांगू. मागच्या खोलीत लोकांचे इस्त्रीचे कपडे टांगलेले होते. त्यांच्यामागे तिला निजवलं आणि मी स्वयंपाकाला लागले. कुणी विचारलं की सांगायची, झोपलीय. डाळीत मीठ घालायचं राहून गेलं."

दादानं ताटातला हात काढून घेतला.

"ह्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मग काही न बोलता खात राहिले. हे बोलले नाहीत म्हणून मग कुणीच बोललं नाही. पुढच्या वर्षी मी मीठ घालायला गेले, तर ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, पहिला घास अळणीच असू दे."

"म्हणजे बाबांना विसरायचं नव्हतं," मी म्हणाले. मला बाबांचा अभिमानच वाटला त्या क्षणी.

"त्यांना नव्हतं विसरायचं," आई म्हणाली. "चूक त्यांची होती, शिक्षा त्यांनी घेतली. पण ती घेताना मला शेजारी बसवलं. मला एकदा तरी कुणी विचारलं का? वर्षभर कुठेही, कशानंही आठवायची ती मला. सणाच्या दिवशी तेवढं सगळ्यांसारखं जेवावंसं वाटायचं. दरवर्षी मी तो घास गिळला, आणि तुम्ही पोरं मिठाच्या वाटीसाठी भांडायचात."

दादानं मिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली. तिनं घेतली नाही.

"आणि वहिनीला उगाच बोललीस सकाळी," ती मला म्हणाली. "मीठ मी घातलं होतं. म्हटलं, हे नाहीत आता, एकदा घालून बघावं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कशाला गेले, मलाच कळत नव्हतं. पातेलं घासून पालथं घातलेलं होतं, आणि मोरी वहिनीनं पुसून कोरडी केली होती.