पलीकडच्या धक्क्यावरची मुलगी

चहाचा ट्रे टेबलावर ठेवता ठेवता वहिनी तिच्या कानाशी लागली. "आवडली म्हण. एवढंच म्हण आणि मोकळी हो."

तिने मान हलवली. ती प्रकाशन संस्थेत संपादक होती. परक्या लेखकांना "हे प्रकरण काढून टाका" म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. हा लेखक मात्र तिचा सख्खा भाऊ होता. दादाची पहिली कादंबरी साभार परत आली, तेव्हा त्याचं बोलणं हळूहळू बंदच झालं आणि एका सकाळी वहिनीला त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. झोपेच्या गोळ्या चुकून जास्त झाल्या, असं घरात ठरलं होतं. त्या 'चुकून'वर कुणाचाच विश्वास नव्हता.

नवी कादंबरी तिने मोठ्या आशेने उघडली होती. एक माणूस धावत धक्क्यावर येतो आणि शेवटची बोट त्याच्या डोळ्यांदेखत सुटते. पलीकडच्या धक्क्यावर एक मुलगी त्याची वाट बघत उभी आहे आणि नदीचं पाणी चढतंय. श्वास रोखून तिने पान उलटलं, तर माणूस बाकावर बसून काळाविषयी विचार करू लागला. मग स्वातंत्र्याविषयी. मग भाषेविषयी. वाक्यं घोटीव होती, काही विचार तर दोनदा वाचावेत असे. पण शेवटच्या पानापर्यंत पठ्ठ्या बाकावरून उठला नाही. ताट मांडून वाढायलाच विसरावं, तशी ती उपाशी राहिली.

"बोल," दादा समोर बसत म्हणाला. दाढी गुळगुळीत केलेली, शर्ट इस्त्रीचा. त्याने आजची तयारी केली होती, हे बघून तिला आणखीच धडकी भरली.

"भाषा सुंदर आहे."

"म्हणजे आवडली नाही."

वहिनीने कप उचलायच्या निमित्ताने डोळे वटारले.

"दादा, त्या मुलीचं काय झालं?"

"ती म्हणजे प्रतीक्षेची कल्पना आहे गं. तिचं काही व्हायचं नसतं."

"मग तिला बटण तुटलेला स्वेटर कशाला घातलास? मला ती दिसली ना! सगळं पुस्तक मी तिच्यासाठी वाचलं, आणि तू तिला तिथेच टाकून दिलंस."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. दादा उठला, बाथरूममध्ये गेला, आतून कडी लावली आणि नळ सोडला.

"झालं समाधान?" वहिनीचा आवाज चिरकला. ती दारावर थापा मारू लागली. "अहो! अहो, दार उघडा!"

आतून नुसता पाण्याचा आवाज. मग दाराखालून पाणी बाहेर यायला लागलं.  आपण काय करून बसलो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. दुसऱ्याच क्षणी तिने दाराला खांदा दिला. एकदा, पुन्हा एकदा. कडी खिळ्यांसकट निखळली.

दादा उलट्या बादलीवर बसला होता. कपडे ओले, डोळे लाल. हातात काही नव्हतं. ते तिने आधी पाहिलं.

"नळ कशाला सोडलास रे?"

"रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. आता लाज काढलीच आहेस, तर टॉवेल दे."

वहिनी तिथेच ओल्या फरशीवर बसली. दादा नळ बंद करत म्हणाला, "तिचं काय झालं ते मी लिहायला बसायचो गं. बसलो की पाणीच वर यायचं. काही घडवायला गेलं की वाईटच घडतं, माझ्याच्याने नाही होत. विचारांत कुणी बुडत नाही."

तिने त्याचे केस पुसले. संपादक म्हणून सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

कादंबरी त्याने बदलली नाही. दुसऱ्या प्रकाशकाने ती आहे तशी छापली, थोड्या लोकांनी डोक्यावरही घेतली. वहिनी आता तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. अवेळी त्या घरून फोन आला, की तिचा हात जागच्या जागी थिजतो. बहुतेक वेळा पलीकडे दादाच असतो, चष्मा तुझ्याकडे राहिलाय का विचारणारा.