'तिसरी पाळी'चं पाचवं कव्हर

कासारवाडीच्या 'तिसरी पाळी' या बँडने आजवर सात अल्बम काढले, पण कव्हरवरचं एकही चित्र त्यांचं स्वतःचं नव्हतं. कुठे काडेपेटीवरचा मोर, कुठे विज्ञानाच्या पुस्तकातली पंपाची आकृती. रद्दीत जे आवडलं ते उचललं आणि छापलं. मग ती मूळ चित्रं हुडकायचा नाद चाहत्यांना लागला. चार वर्षांत सहा सापडली. पाचव्याचं तेवढं हाती लागेना.

त्या कव्हरवर लेथमागे एक बाई उभी होती. साडीवर पुढून उघडा कंपनीचा कोट, नजर लेथच्या चकमध्ये पकडलेल्या, फिरत्या लोखंडी जॉबवर. वर्षाली अकरा वर्षांची असताना तिच्या भावाने ही सीडी घरी आणली. पुढे "मुलीला टर्नर होऊन काय करायचंय?" असं घरचे म्हणाले, तेव्हा तिने सीडीच पुढे केली. "हिला विचारा." आज ती चाकणच्या एका कारखान्यात लेथ चालवत होती.

आणि आता तीच बाई कव्हरवरून जाणार होती. जुने अल्बम मोठ्या तबकड्यांवर नव्याने निघायचे होते. बँडचा गायक निरंजन याने चाहत्यांच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं होतं, की फोटो काढणाऱ्याची परवानगी शुक्रवारपर्यंत मिळाली नाही, तर पाचव्याला दुसरं चित्र घेऊ.

ग्रुप काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. बाईचा पदर उजव्या खांद्यावर, म्हणजे ती गुजराती, असं ठरवून त्यांनी तीन आठवडे राजकोटच्या कारखान्यांना फोन केले होते. तिथे कोणी तिला ओळखत नव्हतं.

बुधवारी पाळी सुटल्यावर वर्षाली तडक चिंचवडला उद्धवरावांकडे गेली. आयटीआयमध्ये तिला लेथ शिकवला तो त्यांनी. त्यांची एक खोड होती. उत्तर माहीत असलं तरी ते सांगायचे नाहीत.

त्यांनी चष्मा पुसला, कव्हर बराच वेळ न्याहाळलं आणि मिशीत हसले.

"काय दिसलं, सर?"

"मला दिसून काय उपयोग? हे चित्र तू किती वर्षं बघतेस?"

"सोळा."

"म्हणजे फक्त प्रेमाने बघितलंस. जॉब तपासायला आलाय असं समज. चक कुठे आहे?"

"डावीकडे. रोज माझ्या मशीनवर असतो तिथंच."

"तुझ्या डावीकडे. आता ऊठ, तिच्या जागी उभी राहा."

कव्हर टेबलावर उभं करून वर्षाली त्याच्या मागे गेली आणि त्या बाईसारखी समोर तोंड करून थांबली. मनातल्या मनात तिने चककडे हात नेला. उजवा हात गेला.

लेथचा चक चालवणाऱ्याच्या डाव्या हातालाच असतो. बाई समोरून दिसत होती, म्हणजे चक बघणाऱ्याच्या उजवीकडे हवा होता; वर्षाली मात्र इतकी वर्षं आपल्याच मशीनसारखं बघत आली होती.

"असा लेथ नसतो, सर."

"नसतो ना? मग खोटं कोण बोलतंय, लेथ की फोटो?"

"फोटो उलटा छापलाय. आणि मग पदरही डाव्याच खांद्यावर..." तिने कपाळाला हात लावला. "तीन आठवडे राजकोट, सर."

"गुजराती तरी सुधारलं असेल," उद्धवराव म्हणाले.

तिने तिथेच बसून फोनवर चित्र आरशासारखं उलटवलं आणि नव्याने शोधायला टाकलं. जुनी मासिकं ऑनलाइन विकणाऱ्या एकाच्या पानावर तीच बाई निघाली, चक तिच्या डाव्या हाताला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: गुलशन फोटो स्टुडिओ, देहूरोड.

गुरुवारी तिची सुट्टी होती, ती देहूरोडला गेली. स्टुडिओच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या निलोफरआपांनी कव्हर पाहिलं आणि कपाटातून एक पाकीट काढलं. आत मूळ निगेटिव्ह होती.

"अब्बांनी काढलेला फोटो. ही सीडी त्यांनी बाजारात बघितली होती, बेटा. पैशाचं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, बघणारा म्हणेल, फोटोवाल्याला मशीन कळत नव्हतं."

"परवानगी द्याल, आपा?"

"सरळ छापणार असाल तर. नाहीतर चहा घ्या आणि निघा."

वर्षालीने निरंजनला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, बाईच्या डाव्या बाजूला नाव बसेना म्हणून तेव्हा फोटो उलटवला आम्ही. आता लोकांना तसंच ओळखीचं झालंय. नाव हलवायचं तर सगळी मांडणी मोडते. उद्या प्रेसला द्यायचंय."

"मोडू द्या. आज दुपार आहे, उद्या सकाळ आहे."

"एका कव्हरसाठी एवढं?"

"दादा, बाईने मशीन बरोबर चालवलं, फोटोवाल्याने फोटो बरोबर काढला. चूक तुमची. उलटं छापणार असाल तर तिला काढून टाका, का काढलं ते मी ग्रुपला सांगते."

शब्द मागे घ्यायचा नाही हे तिचं ठरलं होतं.

"सरळ फोटो पाठव," निरंजन म्हणाला. "नाव खाली घेतो. परवानगी लेखी आण मात्र."

निलोफरआपांनी कोरा कागद पुढे सरकवला. "आधी 'सरळ' लिही, मग बाकीचं."

वर्षालीने तसं लिहिलं, आपांनी सही केली. मग त्यांनी निगेटिव्ह कडेला धरून दाराच्या उजेडात नेली. "चकचकीत बाजू आपल्याकडे, म्हणजे फोटो सरळ. अब्बांनी मला असंच शिकवलं होतं. धर, कडेलाच धर."

वर्षालीने ती धरली आणि चक बाईच्या डाव्या हाताला येतो ना, ते आधी तपासलं.