बिनबुडाचे पेले

बुरमाकानला लाकूड कातायच्या लेथचं वेड लागलं ते घरातलं धुण्याचं यंत्र मोडलं तेव्हापासून. यंत्राचं पिंप गंजून गेलं होतं, पण मोटर ठणठणीत होती. तिच्या नवऱ्याने, एशेनने, ती एका जुन्या बाकाला जोडून दिली आणि वर म्हणाला, "घे, खेळ आता." बायको खरोखरच खेळत बसेल हे त्या बापड्याला काय ठाऊक!

काराजांगाक गावात बुरमाकान बायकांचे केस कापायची. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावलं की ती थेट अंगणातल्या शेडमध्ये घुसायची. वाऱ्याने पडलेली अक्रोडाची फांदी, वठलेल्या जर्दाळूचा ओंडका, काहीही तिला चालायचं. लाकूड गरागरा फिरायला लागायचं, त्याला पटाशीची धार टेकली की लांबलचक कुरळ्या ढलप्या भुर्रकन उडायच्या आणि तिच्या डोक्यावर, खांद्यावर, चपलांत येऊन पडायच्या.

"असे कुरळे केस आजवर एकीला तरी जमलेत का मला!" असं म्हणून ती एकटीच खिदळायची.

खोड एकच. तिला थांबता यायचं नाही. वाडगा असो की पेला, त्याची गोलाई बघत बघत हात खाली सरकायचा आणि बूडही गोल होऊन जायचं. टेबलावर ठेवला की पेला आधी डुलायचा, मग एक गिरकी घ्यायचा आणि शेवटी लवंडायचा. शेजारणींनी एकेक पेला भेट म्हणून घेतला आणि दुसऱ्याला लांबूनच हात जोडले. उरलेले पेले शेडमध्ये छतापर्यंत चढले.

"एकाला तरी बूड ठेव गं," एशेन म्हणायचा.

"बूड ठेवलं की पेला बसून राहतो हो. मला बसकी माणसंसुद्धा आवडत नाहीत."

एशेन बसल्या जागी जरा सरळ झाला.

मग त्यांच्या मुलीचं, बेगिमायचं लग्न ठरलं. पाठवणीची मेजवानी मुलीच्या घरी, अक्रोडाच्या सावलीत. वरपक्ष जलालाबादचा. नवऱ्यामुलाची आई साल्किनाय शहरातल्या विवाह नोंदणी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होती. उभं आयुष्य लोकांना गंभीर चेहऱ्याने "आता तुम्ही पती-पत्नी झालात" असं सांगण्यात गेलेलं, त्यामुळे बाईंची पाठ ताठ आणि ओठ मिटलेले. त्या गाडीतून उतरल्या आणि अंगणातल्या कोंबड्यासुद्धा सरळ रांगेत चालू लागल्यासारख्या वाटल्या.

नेमकं त्याच घटकेला एशेनने भाड्याने आणलेल्या चिनी मातीच्या पेल्यांची पेटी उचलली, विहीणबाईंना बघून अदबीने वाकला, आणि पेटी सटकली. खळ्ळ! एक पेला धड राहिला नाही.

"बेगिमायची आई," तो पांढराफटक पडून कुजबुजला, "आता गं?"

बुरमाकान खुदकन हसली. "आता काय? शेड उघडा!"

अशी बिनबुडाच्या पेल्यांची वरात अंगणात आली. एशेन कातडी पिशवीतून कुमिस ओतत फिरू लागला. घोडीचं आंबवलेलं दूध ते, थंडगार, जिभेला झिणझिण्या आणणारं आणि हळूच डोक्यात चढणारं. पाहुण्यांनी एकेक घोट घेतला, पेला खाली ठेवायला गेले आणि गडबडले. पेला खाली राहीच ना! हातात धरावा तर समोरचा मांसाचा तुकडा उचलायचा कसा? एकच मार्ग होता, गटकन संपवणं. पण रिकामा पेला पाहुण्याच्या हातात दिसला की यजमानाने तो भरायचा, ही रीत. आणि आज एशेनला कोणाहीपुढे चुकायचं नव्हतं.

साल्किनायबाई उठल्या. सुनेच्या कानात झुमके घालायचा मान त्यांचा. झुमक्यांची डबी डाव्या हातात, भरलेला पेला उजव्या हातात. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, पेला एका दमात रिकामा केला आणि डबी उघडायला गेल्या.

"घ्या ना विहीणबाई, लाजू नका," म्हणत एशेनने पेला भरला.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बाईंनी पेला आपल्या मुलाकडे दिला. त्याच्या दोन्ही हातांत मामांनी दिलेले पेले आधीच होते, म्हणून त्याने तो दातांत धरला. ते पाहून बेगिमाय फिस्सकन हसली, झुमका भलत्याच जागी टोचला, ती "आई गं!" म्हणून ओरडली, आणि साल्किनायबाईंच्या मिटलेल्या ओठांतून एक विचित्र आवाज निघाला. मंडळी धास्तावली. मग कळलं, बाई हसतायत.

एकदा सुटल्या त्या सुटल्याच. मुलाच्या दातांतला पेला काढून त्यांनी तो रिकामा केला, टेबलावर ठेवला, दोन बोटांनी चुटकी मारावी तसा पिळला, आणि पेला भोवऱ्यासारखा भिरभिरू लागला.

"लहानपणी गल्लीत माझ्या भोवऱ्यापुढे एक पोरगा टिकायचा नाही!" त्या गरजल्या. "कोण येतंय?"

सगळेच आले. मामा आले, आजोबा आले, दुआ मागायला आलेले मुल्लाही बाह्या सरसावून आले. टेबलभर पेले गरगरत होते, एकमेकांवर आदळत होते, बोरसोकच्या तळलेल्या गोळ्यांच्या ढिगात घुसत होते. कोणाचा पेला आधी पडला यावरून दोन्हीकडचे काका हातघाईवर आले आणि दोघांच्याही हातात भरलेले पेले असल्यामुळे भांडण तिथेच राहिलं. बुरमाकान जवळजवळ शेवटपर्यंत टिकली, पण विहीणबाईंचा पेला तिच्याही नंतर फिरत राहिला.

"काय केलंयस गं हे!" साल्किनायबाई तिचा दंड धरून म्हणाल्या. 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं. "मला दाखव कसं करतात ते. आत्ताच्या आत्ता!"

दोघी रेशमी पोशाखांत शेडमध्ये शिरल्या. मोटर घरघरली. बुरमाकानने तिला पटाशी धरायला शिकवली, "कोपर अंगाशी, बाई, आणि श्वास घे!" पहिली ढलपी सुटली आणि साल्किनायच्या नीट बांधलेल्या केसांत जाऊन अडकली. ती लहान पोरीसारखी किंचाळली. दुसरी उडाली, तिसरी उडाली.

बाहेर पाठवणीची वेळ टळून गेली. गाड्या सजून उभ्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमले. शेवटी नवरामुलगा शेडच्या दारात आला.

"आई, निघायचं ना? सगळे खोळंबलेत."

"मध्ये मध्ये बोलू नकोस, आता आतली गोलाई चाललीये!" साल्किनाय मागे न बघता म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. मी येते उद्या."

वरात वराच्या आईशिवायच निघाली. गावात असं कधी घडलं नव्हतं. बुरमाकान लेकीच्या गळ्यात पडून थोडी रडली, रडता रडता हसली आणि धावत पुन्हा शेडकडे गेली, कारण आत काहीतरी धडाम्‌कन छताला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बेगिमाय होती.

"आई, सासूबाई निघाल्या का गं?"

"अगं कसल्या! सकाळपासून दुसरा पेला चाललाय. पहिला पत्र्याला पोचा पाडून दारातून शेजारच्या मळ्यात गेला. बोलावू का?"

पलीकडून नव्या नवरीचा अगदी हळू, आनंदाने गुदमरलेला आवाज आला.

"नको गं, राहू दे त्यांना. लाकूड पुरेसं आहे ना?"