मशीन मेली

माझ्या दादाची तीन बोटं माझ्यामुळे गेली. तुम्हाला हे पहिल्याच वाक्यात सांगून मी मोकळी झाले, पण वहिनीला सांगायला मला पाच महिने लागले.

आम्ही सुतार. बाबा सुतार होते, दादा सुतार, आणि मी लग्न मोडून माहेरी परत आले तेव्हा नुसती भांडी आदळत घरात बसू नये म्हणून दादाने माझ्या हातात पटाशी दिली. वहिनीला ते फारसं रुचलं नव्हतं. "बघा बाई, तुमचं तुम्ही," एवढं आम्हा दोघांना म्हणून ती गप्प बसली. वहिनीने गप्प बसणं ही आमच्या घरात लक्षात ठेवायची गोष्ट असते. तिच्या जिभेला हाड नाही आणि माझ्या नाकावर सदा राग, त्यामुळे आम्हा दोघींच्या मध्ये दादा बिचारा जपून पावलं टाकायचा. सात वर्षं मी त्या घरात राहिले ते त्याच्या जिवावर.

दादाने मला शिकवलेला पहिला धडा लाकडाचा नव्हता, वायरीचा होता. बटण बंद केलं म्हणजे मशीन झोपली. प्लग काढून हातात घेतला म्हणजे मेली. झोपलेल्या मशीनच्या पात्याला हात लावायचा नाही, मेलेल्या मशीनच्याच लावायचा. पातं बदलायचं असो की अडकलेला भुसा काढायचा असो, ज्याला हात घालायचा आहे त्याने विचारायचं, "मेली का?" आणि दुसऱ्याने प्लग वर धरून दाखवायचा आणि म्हणायचं, "मेली." सुरुवातीला मला हसू यायचं. पण त्या एका शब्दामुळे आमच्या वर्कशॉपमध्ये बाबांच्या काळापासून कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

मग आम्ही बॅटरीवरच्या मशीन घेतल्या. नव्या इमारतींत दारं बसवायची कामं मिळायला लागली होती आणि तिथे वीज सगळ्यात शेवटी येते. वायरीचं लचांड गेलं, जिन्यातून भेंडोळी ओढत न्यायचं गेलं, आम्ही दोघंही खूश होतो. प्लगही गेला, हे मात्र आमच्या डोक्यात आलं नाही. शब्द तेवढा राहिला. दाखवायला हातात काही नसायचं, तरी आम्ही तोच शब्द वापरत होतो, आणि बघता बघता त्याचा अर्थ घसरला. बॅटरी संपून ड्रिल थांबलं की मी म्हणायची, "मेली बघ." दादाही म्हणायचा. बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी मेली, आणि बॅटरी आतच असून नुसती उतरली तरी मेलीच.

त्या दिवशी आम्ही चौथ्या मजल्यावर होतो. खोलीला अजून फरशी नव्हती, खिडकीला काच नव्हती. एक दार खालून घासत होतं म्हणून ते उतरवून दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं होतं आणि मी रंधा मशीनने त्याची कड उतरवत होते. बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या दिव्यांपैकी एकच लागत होता. दादाने दोनदा सांगितलं, "ठमे, बॅटरी बदल." माझा पारा चढलेलाच होता, कारण सकाळी वहिनीशी बाथरूममधल्या बादलीवरून वाजलं होतं. मी म्हटलं, एवढं दार होईल या बॅटरीत. लाकूड ओलसर होतं. भुसा बाहेर पडायच्या तोंडाशी त्याचा लगदा झाला, मशीन कण्हली आणि थांबली.

दादा पलीकडे उभा होता. तो वाकला, मशीनच्या तोंडात बुजलेला भुसा त्याने बघितला आणि विचारलं, "मेली का?"

त्याला म्हणायचं होतं, बॅटरी काढलीस का. मी म्हटलं, "मेली, मेली," आणि मला म्हणायचं होतं, तुझंच खरं झालं, बॅटरी संपली, आता बोलू नकोस.

त्याने बोटं आत घातली. त्याला नीट दिसावं म्हणून मी मशीन त्याच्याकडे कलती केली, आणि कलती करताना मूठ आवळली. हाताला सवयच तशी लागलेली असते. अंगठा बटणाच्या लॉकवर जातो आणि बोट बटणावर. थकलेली बॅटरी थोडा वेळ विसावली की तिच्यात पुन्हा दोन क्षणांचा जीव येतो, हे मला माहीत होतं. ड्रिलच्या बाबतीत मी ते दहा वेळा बघितलं होतं. मशीन जेमतेम एक सेकंद फिरली असेल. दादा ओरडलासुद्धा नाही. तो फक्त म्हणाला, "अगं," जसं कुणी पायावर पाय दिल्यावर म्हणावं.

मी कुडत्यावर घातलेला कामाचा शर्ट काढून त्याचा हात गुंडाळला आणि त्याला धरून जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज नेहमीचा होता.

"ऐक. तू तिथे नव्हतीस. तू खाली कडी-कोयंडे आणायला गेली होतीस. मशीन माझ्याच हातात होती."

"दादा, असं काय बोलतोस?"

"तुला त्याच घरात राहायचंय. कळलं का?"

मी मान हलवली. मला वाटलं, आधी दवाखाना गाठू, मग बघू. त्या 'मग बघू'चे पाच महिने झाले. रंध्याने कापलेलं जोडता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अंगठा आणि करंगळी राहिली. त्या हातात आता पटाशी बसत नाही, पेन्सिल बसत नाही, शर्टाचं बटण लागत नाही.

बटणं वहिनी लावायची आणि लावताना रोज बोलायची. "तीस वर्षं लाकूड कापलंत, अक्कल कुठे गहाण टाकली होती? चालू मशीनमध्ये कोण हात घालतं? लोकांना शिकवता, मेली का विचारा, आणि स्वतःला विचारायला कुणी येणार होतं का?" तो हसून म्हणायचा, "चुकलं गं बाई." जेवताना चमचा डाव्या हातातून निसटला की पुन्हा तेच सुरू व्हायचं. मी समोर बसून जेवत असायची. घास गिळत नव्हता, असं मला सांगायला आवडलं असतं, पण गिळत होता. माणूस काय वाटेल ते गिळतो.

रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. मग वहिनी माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त घालायची आणि मला वाटायचं, हे सांगितलं तर उद्या डबा कुठला आणि खोली कुठली. चाळिशीच्या बाईने सामान घेऊन जायचं कुठे? मी भित्री आहे, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी स्वतःला फटकळ समजत होते आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

वर्कशॉप मी एकटी चालवत होते. 'मेली' हा शब्द मी तिथून हद्दपार केला. मशीनला हात लावायच्या आधी बॅटरी काढायची आणि खिडकीतल्या फळीवर ठेवायची. फळीवर बॅटरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पात्याला बोट लावायचं नाही. एकटी असले तरी मी मोठ्याने म्हणायची, "बॅटरी कुठाय? फळीवर." शेजारच्या टेलरला वाटायचं, बाई कामातून गेली.

एके दिवशी आमचा जुना ठेकेदार घरी आला. त्याच्या साइटवर सगळ्यांनी बॅटरीवरच्या मशीन घेतल्या होत्या आणि आठवडाभरात दोघांचे हात कापता कापता वाचले होते. "दादा, तुम्ही येऊन चार शब्द सांगा," तो म्हणाला. "माझं कुणी ऐकत नाही. तुमचा हात बघितला तर ऐकतील." हे तो फार सहज बोलला. दादा म्हणाला, येतो की.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर वीसेक माणसं सिमेंटच्या गोण्यांवर बसली होती. दादा मधे उभा राहिला आणि मी बाजूला मशीन घेऊन. तो छान बोलला. वायर नाही म्हणजे धोका नाही, हे डोक्यातून काढा. आता प्लग तुमच्या हातातच आहे, त्याचं नाव बॅटरी. आधी ती काढा, मग पात्याकडे बघा. उतरलेली बॅटरी ही काढलेली बॅटरी नव्हे. एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना बोट बटणावर ठेवू नका. मग त्याने हात वर केला आणि म्हणाला, "मी मूर्खपणा केला. मशीन एका हातात धरली आणि दुसरा आत घातला. त्याचं हे बक्षीस."

पुढे बसलेल्या एका रंगाऱ्याने विचारलं, "कुठल्या हातात धरली होती? दाखवा ना."

दादाने माझ्या हातातून मशीन घेतली. बॅटरी नव्हती तिच्यात. त्याने ती डाव्या हातात धरायचा प्रयत्न केला आणि अर्धा उजवा हात तिच्या तोंडाशी नेला. मशीन जड होती, मनगट वळत नव्हतं, लॉकपर्यंत अंगठा पोचत नव्हता. रंगारी म्हणाला, "असं कोण धरतं, राव?" सगळे हसले. दादाही हसला. "म्हणून तर ही वेळ आली," तो म्हणाला. मशीन त्याच्या हातातून घसरत होती आणि तो हसतच होता. मी पुढे होऊन ती धरली. तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, बघितलं असतं तर मी तिथेच सगळ्यांसमोर बोलले असते.

घरी आल्यावर तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी आत गेले, चपलाही काढल्या नव्हत्या.

"वहिनी, मशीन माझ्या हातात होती. त्याने विचारलं होतं. मी मेली म्हणून सांगितलं. बटण माझ्याकडून दाबलं गेलं."

तिने वर बघितलं नाही. हातातली जुडी संपेपर्यंत ती निवडत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"दादाने सांगितलं?"

"ते कसले सांगतायत. दवाखान्यात पट्टी बघितली ना मी. उजव्या हाताला. तीस वर्षं सुताराची बायको आहे मी. उजवा हात आत होता, तर मशीन कुणी धरली होती? आणि कडी-कोयंडे आणायला गेलेल्या बाईचा शर्ट यांच्या हाताला कसा?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. "मग मला घालवून का नाही दिलंत?"

"कुठे जाणार होतीस?" ती म्हणाली. मग निवडून झालेली भाजी तिने उगाच पुन्हा चाळली. "यांना मी रोज बोलत होते ते काय यांना बोलत होते? तुझ्या कानावर पडावं म्हणून बोलत होते. वाटायचं, आज तरी ही म्हणेल, वहिनी पुरे, त्याची चूक नाही. एकदा तरी म्हणेल. तुटलेल्या हाताच्या माणसाला पाच महिने घालूनपाडून बोलले गं मी. आणि तू जेवत होतीस."

ती रडायला लागली. मीही रडले, पण माझ्या रडण्याला काय अर्थ होता. तिने डोळे पुसले आणि भाजी धुवायला घेतली. मला ती काही लागट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी तिने ताटं वाढली. दादाच्या हातातून चमचा निसटला. तिने तो उचलला, धुऊन आणला आणि काही न बोलता त्याच्या ताटाशी ठेवला. दादाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती आत गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"कशाला?"

"तुझे हाल बघवेनात रे. तिथे सगळे हसत होते तुला."

"हसू देत की." त्याने चमचा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. "तिचं बोलणं मला लागत नव्हतं, ठमे. रोज तिने बोलावं आणि मी ऐकून घ्यावं. निदान बहिणीसाठी एवढं तरी करतोय, असं वाटायचं. या हाताने दुसरं काय होणार होतं माझ्याच्याने? एवढं एकच काम राहिलं होतं."

आतून नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. दादाने डाव्या हाताने आपलं ताट पुढे सरकवलं आणि माझं जेवण होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला.