शून्याखालचा मार

मित्रांनो, मी एक जुनी, मोडक्या पायांची चिप आहे. माझी उमेदीची वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेसमध्ये गेली. घड्याळाचे ठोके एका तारेतून घ्यायचे आणि मशीनभर वाटायचे, हे माझं काम. ठोका चुकला तर वरचा घण भलत्या वेळी खाली येणार, आणि खाली प्रेस चालवणाऱ्या दादाचा हात असायचा.

मला बसवलं दादाच्या धाकट्या बहिणीने. सदा सोल्डरिंग करते म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. शून्य ते तीन व्होल्ट, एवढंच माझं अंगण. दाराशी एक कपॅसिटर होता. तो ठोक्याची नुसती हालचाल आत सोडी, पातळी बाहेरच अडवी. म्हणून ठिणगीने दोन बारके रेझिस्टर लावून ठोका मधोमध, दीड व्होल्टवर उचलून धरला होता. काय सुखाचे दिवस होते ते!

एकदा ती परगावी गेली असताना बोर्डाचा तो कोपरा जळाला. दादाने स्वतःच दुरुस्ती केली. नवा कपॅसिटर लावला, पण रेझिस्टर मात्र "हे कण कशाला?" म्हणत झाडून टाकले. झालं! ठोका निम्मा शून्याच्या वर, निम्मा खाली. दर वेळी तो खालचा फटका माझ्या पोटात बसे. आतून मी भाजून निघाले, अडखळू लागले. मग दादा बोर्डाच्या पेटीवर दणादण बुक्के घाली आणि मेली मी पुन्हा चालू होई!

ठिणगी परतली, ती दारातूनच ओरडली, "दादा, मारू नकोस! बंद कर, व्होल्टेज मोजू दे मला."

"मशीन आहे ती, माहेरवाशीण नाही लाड करायला! एवढा माल होऊ दे, मग मोज."

त्याने आणखी एक बुक्का हाणला आणि अडकलेला पत्रा काढायला हात आत घातला. माझ्या आत काहीतरी फुटलं. नको तो ठोका सुटला आणि घण आदळला. हाडं कडाकडा मोडली, रक्त माझ्या पेटीपर्यंत उडालं. दादा गुरासारखा ओरडत होता. त्याची बोटं पत्र्याखालीच राहिली.

नंतर ठिणगीने रडत रडत मला पकडीने उपटलं. माझे पाय तुटले, पण मला तिचा राग आला नाही.

आता मी प्रेसशेजारी तिच्या टेबलावरच्या डबीत असते. मित्रांनो, मार खाऊनही जो चालतो, त्याला धडधाकट समजू नका हो. त्याच्या दाराशी काय येतंय ते आधी बघा.

परवा प्रेस पुन्हा थांबली. सवयीने दादाने पेटीवर हात उगारला. मूठ वळलीच नाही. तो त्या हाताकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला,

"ठिणगे, ये गं. मोज."