बाईंची बाटली

"चमचा ठेव खाली!" आत्या कडाडली. "बाईंच्या आधी कुणी तोंड लावायचं नाही."

मी निमूट चमचा ठेवला. माझे केस पिकायला लागले, तरी आत्यापुढे माझं वय आठ-नऊच्या वर सरकत नाही.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, बत्तीस वर्षं. तिथे गळा बसला की कामच बसलं. म्हणून थंडीच्या तोंडावर ती आलं, लसूण, कांदा, मिरच्या आणि ओव्याची पानं ठेचून काचेच्या बरणीत भरायची, वर सफरचंदाचं व्हिनेगर ओतायची आणि महिनाभर रोज सकाळी बरणी हलवायची. मग गाळायचं आणि मध घालायचा. लहानपणी मी घरभर नाक दाबून हिंडायचे. आता त्याच वासाने मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

पहिला चमचा सुपरवायझर बाईंचा, हा एक्स्चेंजचा दंडक. बाई चव घ्यायच्या, खोट काढायच्या, मगच बाकीच्या मुलींना मिळायचं. "लसणाला हात सैल सुटला." "मिरची घाबरली वाटतं." नुसतं 'छान' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. आत्या घरी येऊन त्यांची हुबेहूब नक्कल करायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. पुढे एक्स्चेंज बंद पडलं, मुली पांगल्या, काही तर गेल्याच. बाईंची बाटली मात्र कधी चुकली नाही.

यंदा पंचाईत होती. उन्हाळ्यातल्या तापाने आत्याची चव आणि वास दोन्ही नेलं होतं. हे फक्त मला ठाऊक. आणि मध तर ती कायम चाखत चाखत घालायची.

"मोजून घाल की," मी म्हटलं होतं.

"मला शिकवू नकोस. हाताला सवय आहे."

बाईंकडे जाताना बसमध्ये मात्र तिने माझं मनगट घट्ट धरलं. "बाईंना कळलं तर म्हणतील, पुरे झालं आता. मग मी कोणत्या तोंडाने जाऊ गं त्यांच्याकडे?"

नव्वदीच्या बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. आत्याने बाटली हलवली, चमचा भरून दिला आणि निकालाच्या दिवशी उभं राहावं तशी उभी राहिली. बाईंनी घोट घेतला. कपाळाला आठी पडली. त्यांनी आत्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"मध जरा जास्त झालाय," बाई म्हणाल्या. "हात आवरायला शीक आता."

आत्याचा चेहरा असा खुलला की मला भरून आलं. "तरी मला वाटलंच! मेलं मला गोडाचं भानच राहत नाही," म्हणत ती बाईंसाठी पाणी आणायला आत गेली.

मी बाटलीतले दोन थेंब तळहातावर घेऊन चाटले. आंबट, जहाल, कान लाल झाले. मधाचा पत्ता नव्हता. चाखणं गेलं, त्याबरोबर घालायचंही राहून गेलं होतं.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत्याची पावलं वाजली तशी त्यांनी घाईघाईने रुमालाने तोंड पुसलं आणि रिकामा चमचा पुढे केला.

"भर गं आणखी एक."